होरिमिया : जमलेल्या जोडीची न जमलेली गोष्ट

काही मालिका मुळातच वाईट असतात. त्यांचा राग येत नाही. दोन भाग बघायचे, बंद करायच्या, विसरून जायच्या. राग येतो तो चांगलं पीठ मळून भाकरी कच्चीच तव्यावरून उतरवणाऱ्यांचा. 'होरिमिया' ही जपानी ॲनिमे मालिका पहिल्यांदा बघितली तेव्हा मला असाच राग आला होता. अलीकडे ती पुन्हा सलग बघितली, तेव्हाही तो कमी झाला नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

या वयात शाळकरी प्रेमाची कार्टून काय बघता, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. आपल्या घरातली मुलं-मुली मोबाइलवर रात्री उशिरापर्यंत जे बघतात, त्याला नुसतं 'कार्टून' म्हणून बाजूला सारण्यापेक्षा ते बघून त्यावर बोललेलं बरं. शिवाय चांगली प्रेमकथा कुठल्या भाषेत आहे आणि हाताने काढलेली आहे की कॅमेऱ्याने टिपलेली, यानं मला फारसा फरक पडत नाही.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जपानी कॉमिकला मांगा म्हणतात आणि चित्रांच्या हलत्या मालिकेला ॲनिमे. 'होरिमिया' आधी हीरो हे टोपणनाव घेतलेल्या व्यक्तीनं इंटरनेटवर टाकलेलं साधं कॉमिक होतं. दाइसुके हागिवारा यांनी त्याची नव्यानं चित्रं काढली आणि २०११ पासून 'जीफँटसी' या मासिकात तो मांगा दहा वर्षं चालला. २०२१ च्या जानेवारी ते एप्रिलमध्ये क्लोव्हरवर्क्स या स्टुडिओनं त्याची १३ भागांची ॲनिमे आणली. दिग्दर्शक मासाशी इशिहामा. नाव दोघांच्या आडनावांतून जुळवलेलं आहे: होरी आणि मियामुरा.

क्योको होरी ही वर्गातली हुशार, नीटनेटकी, सगळ्यांना हवीहवीशी वाटणारी मुलगी. पण शाळा सुटली की ती कुणाबरोबर फिरायला जात नाही. आई कामात बुडालेली, वडील महिनोन् महिने घराबाहेर, धाकटा भाऊ सोता लहान. त्यामुळे घरी आल्यावर केस वर बांधायचे, तोंड धुवायचं आणि स्वयंपाक, कपडे, झाडलोट. त्या अवतारात आपल्याला शाळेतल्या कुणी बघू नये, एवढीच तिची इच्छा. इझुमी मियामुरा हा त्याच वर्गातला चष्मेवाला, लांब केसांचा, अबोल मुलगा. सगळ्यांना वाटतं हा कोपऱ्यात बसून काहीतरी विचित्र करणारा असणार. एक दिवस पडून नाकातून रक्त आलेल्या सोताला एक अनोळखी मुलगा घरी आणून सोडतो. कानांत बाळ्या, ओठात बाळी, अंगावर गोंदण. तो मियामुराच असतो. तिचं घरचं रूप त्यानं बघितलं, त्याचं बाहेर न दिसणारं रूप तिनं. दोघांचं ठरतं की हे शाळेत कुणाला सांगायचं नाही. मग तो रोज तिच्या घरी येऊ लागतो.

जपानमध्ये गोंदणाकडे आजही संशयानं बघतात. त्याचं नातं थेट गुंडांच्या टोळ्यांशी जोडलं जातं आणि कित्येक सार्वजनिक स्नानगृहांत आणि तरणतलावांत गोंदण असलेल्यांना प्रवेश नसतो. शाळेत तर विचारायलाच नको. म्हणून मियामुरा भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालतो आणि पोहण्याच्या तासाला जात नाही. लांब केस कान झाकण्यासाठी. त्याचं सगळं 'विचित्र' वागणं हे केवळ लपवण्यातून आलेलं आहे, हे आपल्याला हळूहळू कळतं. आधीच्या शाळेत तो एकटा पडला होता, मुलं त्याला त्रास देत होती. स्वतःचे कान त्यानं त्याच काळात स्वतः टोचले.

मनातलं खरं आणि लोकांसमोर दाखवायचं, या दोन गोष्टींसाठी जपानी भाषेत स्वतंत्र शब्दच आहेत: होन्ने आणि तातेमाए. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. घरात दखनी, शाळेत पुस्तकी मराठी आणि गल्लीत तिसरंच काही, असं बोलत मोठे झालेले माझ्यासारखे अनेक जण हे वाचत असतील. शाळेतला मित्र पहिल्यांदा घरी आला की आपण कसे बावरायचो, अम्मी आता काय बोलेल, भांडी कुठली काढेल, हे आठवून बघा. आणि तो मित्र दुसऱ्या दिवशी स्वतःहून पुन्हा आला की काय वाटायचं, तेही आठवा. 'होरिमिया'चे पहिले तीन-चार भाग नेमकी ही भावना पकडतात. होरीला मियामुरा आवडतो कारण तो देखणा निघाला, असं तिथे घडत नाही. तो तिच्या घरात येतो, सोताशी खेळतो, काम करून दमलेल्या तिला बघतो आणि त्याला त्यात काहीही वावगं वाटत नाही, म्हणून तो तिला आवडतो.

पहिल्याच भागातला एक प्रसंग मला फार आवडतो. होरीवर प्रेम करणारा तोरू इशिकावा मियामुराला सुनावतो की तू तिच्या जोडीचा नाहीस. भोळा मियामुरा ते खरं मानून होरीला तसंच सांगतो. होरी संतापते. माझ्या जवळ कोण असावं हे तू आणि तिसराच कुणी मिळून कसं ठरवता, असा तिचा सूर. इथे मुलीला स्वतःचं मत आहे आणि ती ते मोठ्यानं मांडते. याहून सुंदर म्हणजे तोरू पुढे खलनायक होत नाही, तो मियामुराचा पहिला खरा मित्र होतो.

तिसऱ्या भागाच्या शेवटी होरी तापानं अंथरुणाला खिळलेली असते. ती झोपली आहे असं समजून मियामुरा तिच्याजवळ बसून आपलं प्रेम हळूच बोलून टाकतो. ती जागी असते. आणि पुढच्या दोनेक भागांत जोडी जमते.

इथे जाणकार प्रेक्षक ताठ होऊन बसतो. कारण शाळकरी प्रेमाच्या ॲनिमेंची जुनी खोड म्हणजे ताणणं. 'किमी नी तोदोके'सारखी चांगली मालिका घ्या. पहिल्या पर्वाचे २५ भाग झाले तरी सावाको आणि काझेहाया एकमेकांना धड काही सांगत नाहीत, त्यासाठी २०११ मधलं दुसरं पर्व उजाडावं लागतं. बहुतेक मालिका कबुलीपाशी पोचल्या की संपतात, जणू त्यापुढे आयुष्यच नाही. 'होरिमिया'नं ती कबुली पहिल्या तिमाहीतच उरकली. म्हणजे आता पुढचे आठ-नऊ भाग एका दुर्मीळ गोष्टीसाठी मोकळे. दोन मुलं एकमेकांची झाली, आता ती एकत्र कशी राहतात, कशावरून भांडतात, एकमेकांना कशी बदलतात, ते दाखवा. हे वचन मालिकेनं स्वतःहून दिलं होतं, माझी अवाजवी अपेक्षा नव्हे ही.

ते वचन मोडलं कसं, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट घाई. मूळ मांगाची प्रकरणं १२० च्या वर आहेत. ॲनिमेचा एक भाग सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं वगळलं तर वीस-एकवीस मिनिटांचा. १३ भागांचे मिळून साडेचार तास धरा. म्हणजे एका प्रकरणाच्या वाट्याला जेमतेम सव्वादोन मिनिटं येतात. मग व्हायचं तेच झालं. काही प्रकरणं गाळली, उरलेली एकमेकांत कोंबली. मियामुराचे केस कापणं हा केवढा मोठा प्रसंग! ज्या केसांमागे तो इतकी वर्षं लपला, ते केस गेले, वर्ग त्याच्याकडे नव्यानं बघू लागला. अशा प्रसंगानंतर मला त्या मुलाबरोबर थोडा वेळ बसायचं होतं. ज्या मुलांनी काल टाळलं तीच आज कौतुक करतात, याचं त्याला काय वाटलं? मालिका दोन विनोद करते आणि पुढे सरकते. जुना छळ करणारा तानिहारा पुन्हा समोर येतो, दोघांमधला ताण निवळतो, तेही इतक्या झटपट की माफ करणाऱ्याच्या पोटात काय ढवळलं असेल ते कळतच नाही. ज्यांना शाळेत कुणी छळलं आहे, त्यांना विचारा ही गाठ किती सहज सुटते ते.

दुसरी गोष्ट बाकीची माणसं. मालिकेच्या मध्यावर कथा होरी-मियामुराला सोडून त्यांच्या मित्रांकडे वळते. तत्त्वतः यात काही वाईट नाही. तोरू, युकी योशिकावा आणि साकुरा कोनो यांचा तिढा खरोखर चांगला आहे. युकीला एका मुलाला नकार द्यायचा असतो, म्हणून ती आणि तोरू जोडी असल्याचं नाटक करतात. तिकडे साकुराचं तोरूवर मनापासून प्रेम. नाटक करता करता युकीच्या मनातही काहीतरी हलतं, पण ती स्वतःशीसुद्धा ते कबूल करत नाही. या तिघांवर वेगळी मालिका निघाली असती. पण इथे या धाग्याला ना पुरता वेळ मिळतो ना शेवट. विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष सेंगोकू आणि रेमी यांची जोडी तर आहे तिथेच राहते. इतक्या मुलांना थोडं थोडं वाटत गेल्यानं कुणाच्याच ताटात पोटभर पडत नाही, आणि ज्या दोघांसाठी आपण आलो ते आपल्याच मालिकेत पाहुणे होऊन जातात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. होरी मियामुराला चिडून मारते, ढकलते, आणि हे विनोद म्हणून येतं. पुढे तर तिला त्यानं आपल्यावर ओरडावं, आपल्याशी दांडगाईनं वागावं असं वाटू लागतं. बिचारा मियामुरा, ज्याला आवाज चढवणंही जमत नाही, तो तिच्या हट्टापायी तसं वागायचा प्रयत्न करतो आणि अवघडतो. हेही विनोद म्हणूनच, पुन्हा पुन्हा.

मी सोवळेपणानं बोलत नाही. माणसाच्या मनात काय काय असतं हे गोष्टीत यायलाच हवं. तक्रार वेगळी आहे. जी मुलगी लहानपणापासून घर एकटीनं सांभाळते, जिचे वडील असून नसल्यासारखे होते, तिला कधीतरी वाटू शकतं की आता दुसऱ्या कुणी सूत्रं हातात घ्यावीत, मला रागवावं, मला थांबवावं. यात केवढा अर्थ दडलेला आहे! आणि ज्या मुलानं मार खाल्लेल्यांच्या बाजूनं बालपण काढलं, त्याला 'माझ्याशी कठोर वाग' म्हटल्यावर काय वाटेल, यातही आहे. मालिकेला दोन्ही ठाऊक आहेत, दोन्ही तिनेच आपल्याला दाखवले आहेत. पण त्यांची गाठ घालायच्या ऐवजी ती प्रत्येक वेळी हसून वेळ मारून नेते. चौदा-पंधरा वर्षांची मुलं हे बघतात. 'नको' म्हणणाऱ्या मुलाच्या अवघडलेपणावर हसायचं, हे त्यांनी इथून घेतलं तर दोष त्यांचा कसा म्हणायचा?

ही मालिका आली तेव्हाचे दिवस आठवा. २०२१ चा मार्च-एप्रिल. कोरोनाची दुसरी लाट, शाळा मोबाइलच्या पडद्यात शिरलेल्या. माझ्या आपाची मुलगी तेव्हा बारावीला होती. त्या वर्षी महाराष्ट्रात बारावीची परीक्षाच रद्द झाली. ना शेवटचा पेपर, ना निरोप समारंभ, ना शर्टावर सह्या. 'होरिमिया'चा शेवट शाळा संपण्याच्या दिवसावर होतो. त्यात मियामुराला एक भास होतो: होरी भेटलीच नसती तर तो कसा असता, तो एकटा, केस वाढवलेला मुलगा त्याला समोर दिसतो. ही कल्पना उत्तम आहे, त्यातले रंगही उत्तम आहेत. इशिहामांना रंगांतून भावना बोलकी करता येते, हे मान्यच करायला हवं. भाचीनं तो भाग बघितला आणि मला म्हणाली, "मामू, मला रडायचं होतं, पण रडूच आलं नाही. ह्यांची शाळा मी बघितलीच कुठे?"

माझ्या मते या मालिकेची याहून नेमकी समीक्षा नाही. निरोपाचं दुःख व्हायला आधी सोबत घडावी लागते. तिनं त्या वर्गात पुरेसा वेळ घालवलाच नव्हता. ज्या पोरीची स्वतःची शाळा निरोपाविना संपली, तिला निदान या पोरांचा निरोप तरी मनासारखा मिळायला हवा होता.

बचाव करणारे दोन मुद्दे मांडतात. पहिला असा की ही रोजच्या जगण्याची हलकीफुलकी गोष्ट आहे, इथे काही 'घडायला' हवं असा आग्रह कशाला. पण रोजचं जगणं दाखवायचं तर त्याला उलट जास्त निवांतपणा लागतो. चहा उकळायला वेळ द्यावा लागतो. कथानक पळवता येतं, सहवास पळवता येत नाही. मांगा वाचताना ही अडचण जाणवत नाही, कारण वाचक आपल्या गतीनं पान उलटतो, एका चित्रावर हवा तेवढा थांबतो. पडद्यावर तो अधिकार दिग्दर्शकाकडे असतो.

दुसरा मुद्दा असा की जोडी जमल्यावर दाखवण्यासारखं उरतंच काय. त्यांनी 'माय लव्ह स्टोरी' बघावी. मॅडहाउस स्टुडिओची २०१५ मधली २४ भागांची मालिका. डोंगराएवढा ताकेओ आणि चिमुकली यामातो तिसऱ्या भागातच एकमेकांचे होतात. उरलेले एकवीस भाग काय चालतं? मैत्रिणींशी ओळख करून द्यायची भीती, जवळच्या मित्राच्या वडिलांचं ऑपरेशन, घरात जन्मलेली धाकटी बहीण, आणि आपलं माणूस आपल्याला समजून घेईल ना ही रोजची धाकधूक. प्रत्येक प्रसंगाला त्याची जागा मिळते. मित्र सुनाकावाही मागे पडत नाही, त्याच्या एकटेपणाची दखल घेतली जाते. शेवटी आपल्याला ही तिन्ही मुलं शेजारच्या घरातली वाटू लागतात. म्हणजे ही गोष्ट सांगता येते. फक्त तिला भाग द्यावे लागतात.

मग दिले का नाहीत? जपानमध्ये बहुतेक ॲनिमे एका कंपनीच्या पैशावर बनत नाहीत. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, डिस्क विकणारी कंपनी असे अनेक जण मिळून समिती करतात आणि धोका वाटून घेतात. टीव्हीवरचं एक सत्र साधारण तीन महिन्यांचं, म्हणजे बारा-तेरा आठवड्यांचं. त्यापुढच्या सत्राचा पैसा लावायला सगळे तयार होतीलच असं नसतं. अशा मालिकेचं मोठं काम मांगाची पुस्तकं खपवणं हेही असतं. 'होरिमिया'चा मांगा मार्च २०२१ मध्ये, ॲनिमे चालू असतानाच संपला. गोष्टीचा शेवट दोन्हीकडे एकत्र गाठायचा, असा विचार यामागे दिसतो. हिशेबाच्या वहीत तो बरोबरही असेल. पण दहा वर्षं सावकाश वाढलेली गोष्ट तीन महिन्यांत उरकली की काय होतं, ते पडद्यावर दिसलं.

याची पावती पुढे स्टुडिओनंच दिली. २०२३ च्या जुलैमध्ये 'होरिमिया : द मिसिंग पीसेस' नावाची आणखी १३ भागांची मालिका आली. गाळलेले तुकडे, असंच नाव. ती बघताना मजा येते, हे खरं. वर्गातल्या गमती, बाजूच्या पात्रांचे निवांत दिवस, जे पहिल्यांदा हवं होतं ते सगळं तिथे आहे. पण आता आपल्याला शेवट माहीत असतो. निरोप घेऊन झालेल्या मुलांचे हे जुने फोटो आहेत. हेच २६ भाग क्रमानं आले असते तर आज मी ही तक्रार करत नसतो.

मालिका वाईट असती तर मी इतके शब्द खर्चले नसते. पहिले चार भाग जरूर बघा. घरी आलेल्या पाहुण्यासमोर माणूस आपला मुखवटा कसा उतरवतो, हे इतक्या साध्या रीतीनं मी क्वचितच बघितलं आहे. त्यानंतर जमेल तर मांगा हाती घ्या, सोळा खंड सावकाश वाचा. आणि तुमच्या घरात ही मालिका आवडलेली मुलं असतील तर त्या मारामारीच्या विनोदांविषयी त्यांच्याशी एकदा बोला. त्यांचं म्हणणंही ऐका. माझ्या भाचीचं मत ऐकलं म्हणून तर मला कळलं की माझ्या रागाचं खरं कारण काय होतं.